आधी प्ले काढा

गाडी जॅकवर उचलायची. पुढचं चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरायचं आणि आत-बाहेर हिसके द्यायचे. ‘टक’ असं वाजलं की प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, आहे हे नक्की. मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हिसके द्यायचे. आवाज थांबला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. तसाच राहिला तर किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्यात, किंवा तिच्या खालच्या पिनेत. तीन आणि नऊच्या जागी हात नेले की टाय रॉडचे जॉइंट आणि स्टिअरिंगची रॅक यांची पाळी. या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळी ट्रॅकवरचा तांत्रिक तपासनीसही चाक असंच हलवून बघतो, आणि ते वाजलं तर गाडी ट्रेलरवर चढवून घरी न्यावी लागते.

माझ्यासमोर उभी होती ती ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतीसाठी तयार होणारी १९६४ सालची एमजीबी रोडस्टर, डाव्या पुढच्या चाकात बेअरिंगचा आणि किंगपिनचा असा दोन्ही प्रकारचा प्ले असलेली. जागा इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावाजवळच्या शेतातलं एक गॅरेज. थेम्सच्या काठावरच्या याच गावात १९२९ ते १९८० एमजीच्या स्पोर्ट्स गाड्या तयार होत. गाडीचे मालक मूळचे कोल्हापूरचे, गेली बरीच वर्षं मिडलंड्समधल्या मोटार उद्योगात इंजिनिअर. नाव छापू नका, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. गॅरेज चालवणारे मेकॅनिक सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. मालक शनिवार-रविवारी त्यांच्या हाताखाली काम करतात. गाडी आपणच खोलायची आणि आपणच जोडायची, ही अट मालकांनी स्वतःलाच घातलेली आहे.

एमजीबी १९६२ मध्ये बाजारात आली. सिड एनेव्हर यांच्या हाताखाली ती घडली. १७९८ सीसीचं इंजिन, मागे सलग ॲक्सल आणि पाटे, पुढे कॉइल स्प्रिंग. १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, म्हणूनच आज तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो आणि हौशी माणसाला ती परवडते. तिची पुढची सस्पेन्शन मात्र गाडीपेक्षा पुष्कळ जुनी. अलेक इस्सिगोनिस (पुढे १९५९ मध्ये ज्यांनी मिनी घडवली तेच) आणि जॅक डॅनियल्स यांनी तिचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाआधी केला. युद्धामुळे तो अडकला, १९४७ च्या एमजी वाय टाइपमध्ये बाहेर आला, तिथून टीडीत, तिथून एमजीएत आणि अखेर एमजीबीत उतरला. आज आपल्याकडे एमजी नावाने विकल्या जाणाऱ्या, गुजरातेत हालोलला तयार होणाऱ्या गाड्यांचा या वंशाशी नावापलीकडे संबंध नाही.

हा आराखडा समजून घ्यायला गाडीखाली पाठीवर निजावं लागतं. जाड पत्र्याचा एक आडवा क्रॉसमेंबर चार बोल्टांनी गाडीच्या अंगाला बसवलेला असतो. स्प्रिंग, विशबोन, स्टिअरिंगची रॅक, सगळं त्याच्यावर. चार बोल्ट सोडवले की गाडीची पुढची सस्पेन्शन अखंड खाली येते आणि टेबलावर ठेवून काम करता येतं. खालचा विशबोन, म्हणजे चाकाला क्रॉसमेंबरशी जोडणारा हात, नेहमीसारखा. वरचा विशबोन मात्र नाहीच. त्या जागी शॉक ॲब्सॉर्बरचा हात आहे. आर्मस्ट्राँग कंपनीचा हा लिव्हर शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे तेलाने भरलेली ओतीव पेटी. पेटीतला दांडा फिरतो, त्याला जोडलेला हात चाकाबरोबर वर-खाली होतो, आणि पिस्टन तेल बारीक झडपांतून ढकलत धक्का जिरवतात. एकाच भागाकडून दोन कामं करून घेतलेली. शहाणपणाची काटकसर आहे ती. पण दांड्याचं बेअरिंग झिजलं की तेल गळतं एवढ्यावर थांबत नाही, चाकाचा कोनच बदलत राहतो. त्यामुळे या गाडीत शॉक ॲब्सॉर्बर तपासताना तो किती कडक आहे याआधी तो किती हलतो हे बघावं लागतं.

पेट्या काढल्या तेव्हा उजव्या पेटीचा हात वरपासून खालपर्यंत सारख्या जोराने फिरत होता. डावा मध्येच एका ठिकाणी सुटल्यासारखा व्हायचा, म्हणजे तेल कमी आणि हवा जास्त. मेकॅनिकांनी दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर काढून ठेवले. एकच बदलायचा नाही, जोडी बदलायची.

त्यानंतर चाकाचं हब निघालं, आणि तिथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट दिसली. हबच्या आत दोन टेपर बेअरिंग असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. अशा बेअरिंगच्या बहुतेक गाड्यांत नट हलका आवळायचा, थोडा ढिला करायचा, पिन घालायची, काम झालं. एमजीत तसं नाही. दोन बेअरिंगच्या मध्ये पोलादाची एक नळी असते आणि तिच्या जोडीला कागदासारख्या पातळ शिम. नट पूर्ण ताकदीने आवळला की बेअरिंगच्या आतल्या कड्या, नळी आणि शिम या सगळ्यांचा मिळून स्टब ॲक्सलभोवती एक घट्ट खांब तयार होतो. ॲक्सल एकटा राहत नाही, त्याला आधार मिळतो. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर कोसळतं तेव्हा हाच आधार त्याला वाकू देत नाही.

शिमचा हिशेब जमवायला वेळ लागतो, म्हणून मधल्या काळात कुणीतरी नळी आणि शिम फेकून देऊन नट साध्या पद्धतीने आवळलेला असतो. डाव्या हबमध्ये नेमकं हेच निघालं. नळीच नाही. रस्त्यावर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. शर्यतीत ॲक्सल दर वळणाला किंचित वाकतो, ब्रेकची डिस्क तिरकी होऊन पॅडना मागे ढकलते, पुढच्या वळणावर ब्रेकचं पेडल खोल जातं. आणि पुरेशा वेळा वाकल्यावर ॲक्सलला मुळाशी तडा जातो. दोन्ही ॲक्सल घासूनपुसून तडे तपासायला पाठवले. तिथे धातूला चुंबकत्व देऊन वर लोहाची बारीक पूड असलेला द्रव ओततात. तडा असेल तिथे पूड रेषेने गोळा होते. डाव्या ॲक्सलवर रेष उमटली. तो ॲक्सल भंगारात गेला.

नव्या ॲक्सलवर हब बसवताना मालकांनी मुद्दाम जास्त शिम घातल्या, नट टॉर्क रेंचने आवळला, डायल गेजची सुई हबच्या तोंडाला टेकवली आणि हब पुढे-मागे ओढून पाहिलं. ११ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरवर वाढलेले हे इंजिनिअर या गॅरेजमध्ये थाऊतच बोलतात. कारखान्याने २ ते ४ थाऊ सांगितलेत. नट सोडला, पाच आणि तीन थाऊच्या दोन शिम चिमट्याने काढल्या, पुन्हा आवळलं. गेजने ३ दाखवलं. मेकॅनिकांनी स्वतः हब ओढून सुई पाहिली आणि मगच पिन घालायला परवानगी दिली. एका चाकाला जवळजवळ अर्धी सकाळ गेली.

किंगपिन हा दुसरा मोठा विषय. जुन्या पद्मिनी फिएटच्या गॅरेजात ज्यांनी वेळ घालवलाय त्यांना तो नव्याने सांगायला नको. एमजीबीत प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, आणि गाडी जमिनीवर असताना नुसतं ग्रीस मारून भागत नाही. वजन पिनेवर असल्यामुळे दाबाखालच्या जागेत ग्रीस शिरतच नाही. गाडी उचलून, चाकं दोन्ही बाजूंना वळवत ग्रीस भरावं लागतं. कितीतरी किंगपिन याच एका कारणाने अकाली संपतात. या गाडीतल्या संपल्याच होत्या. नव्या पिना आल्या, पिनेवर फिरणाऱ्या तुकड्यात नवे ब्राँझचे बुश दाबून बसवले. पण नवे बुश पिनेच्या मापाचे नसतात, ते रीम करून मापात आणावे लागतात, तेही वरचा आणि खालचा एकाच रेषेत. वेगवेगळे रीम केले तर दोन्ही भोकं मापात असूनही पिन अडकते.

मालकांच्या वडिलांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. आता ते थकले आहेत, पण रीमर काढल्याबरोबर मालकांनी त्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा केला.

“अप्पा, दिसतंय का?”

“दिसतंय की. पायलट लावलाय का रीमरला?”

“लावलाय. खालच्या बुशातून लाइन धरलीय.”

“मग हळू जा. घाई केलीस तर भोक खरखरीत होतंय. आणि बाहेर काढताना उलटा फिरवू नकोस बघ. आत जाताना जसा फिरतोय तसाच फिरवत ओढायचा.”

इंग्रज मेकॅनिकांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण मालकांनी रीमर त्याच दिशेने फिरवत बाहेर काढलेला पाहून त्यांनी मान डोलावली. जोडणी झाल्यावर तो तुकडा पिनेवर एका बोटाने फिरला, कुठे अडला नाही आणि कुठे वाजला नाही. अप्पांनी तो फोनमधून दोनदा फिरवून दाखवायला लावला.

बुशांबद्दल मात्र मतभेद झाला, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. विशबोनच्या आतल्या टोकांना मूळ रबरी बुश असतात. रबर दबतं, आणि ते दबलं की चाकाचा कोन हलतो. मालकांना तिथे कडक नायलॉनचे बुश हवे होते. मेकॅनिकांचा कल १९७३ ते १९७६ दरम्यान निघालेल्या एमजीबी जीटी व्ही८ मध्ये वापरलेल्या बुशांकडे. तेही रबरी, पण मध्ये लोखंडी नळी चिकटवलेले, त्यामुळे बरेच घट्ट. शेवटी तेच बसले. बसवताना एक पथ्य: बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडीची उंची चुकते आणि बुश महिन्याभरात फाटतात. आपल्याकडे रस्त्याकडेच्या गॅरेजात ही चूक रोज होते. नवे बुश टाकूनही गाडी पूर्वीसारखी बसत नाही, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

हे सगळं होईपर्यंत शर्यतीसाठी म्हणून गाडीत काहीच बदललेलं नव्हतं. आतापर्यंतचं सारं काम कारखान्यातून निघालेली गाडी परत आणण्याचं. हौशी शर्यतपटूंचे बहुतेक पैसे इथेच वाया जातात, असं मेकॅनिकांचं म्हणणं आहे आणि ते पाहिल्यावर मलाही पटलं. आधी कडक स्प्रिंग येतात, जाड बार येतात, रुंद टायर येतात. आणि झिजलेल्या किंगपिनवर, वाकणाऱ्या ॲक्सलवर त्यांचा सगळा जोर पडतो. मग ट्रॅकवर गाडी भरकटते, आणि पुन्हा आणखी कडक स्प्रिंग येतात.

नियमांचाही यात हात आहे. ऐतिहासिक गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या ‘अपेंडिक्स के’ या नियमावलीखाली होतात. गाडी तिच्या काळात होती तशीच असली पाहिजे, हा त्या नियमावलीचा गाभा. क्लबांच्या शर्यतींचे नियम गटागटाने बदलतात, काही ठिकाणी लिव्हरऐवजी आधुनिक टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बर चालतात. पण जितका मूळच्या जवळचा गट, तितकी जुने भाग नीट समजून घेण्याची गरज जास्त. मला हे बंधन फार मोलाचं वाटतं. त्यामुळेच १९३० च्या दशकातला एक आराखडा आजही माणसं हाताने उलगडून बघतात.

आणि तो आराखडा दुबळा नव्हता. १९६३ च्या ल मान्सला ॲलन हचिसन आणि पॅडी हॉपकर्क यांची एमजीबी सुरुवातीलाच वाळूत रुतली. हचिसन यांनी तासाभराहून अधिक वेळ ती हाताने उकरून काढली, आणि तरीही ती एकूण बारावी आली, आपल्या गटात पहिली. १९६६ मध्ये न्युर्बुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या मॅरेथॉनमध्ये अँड्र्यू हेजेस आणि ज्युलियाँ व्हेर्नेव्ह यांनी एमजीबी घेऊन चक्क पहिला नंबर काढला. ८४ तास म्हणजे साडेतीन दिवस. किंगपिन आणि लिव्हर शॉक ॲब्सॉर्बर यांच्यावरच.

आता बदल. गाडी साधारण इंचभर खाली आणली. खाली आणणं सोपं. खाली आणल्यावर जे बिघडतं ते निस्तरणं अवघड. चाक वर-खाली होताना विशबोनच्या टोकाबरोबर एक कमान काढतं. टाय रॉडचं टोकही आपली कमान काढतं. दोन्ही कमानी जुळत नसल्या तर खड्ड्यावरून किंवा उंचवट्यावरून जाताना चालकाने स्टिअरिंग न हलवताही चाक वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. तो मोजायला स्प्रिंग काढून टाकली, हबला एक सपाट फळी बांधली, फळीच्या दोन टोकांना दोन डायल गेज लावले आणि जॅकने चाक सेंटिमीटर-सेंटिमीटरने वर उचललं. दोन्ही सुया सारख्या सरकल्या तर ठीक. त्यांच्यात फरक पडला तर तितकं चाक वळलं. मालक आकडे वहीत मांडत होते. रॅकच्या बैठकीखाली पातळ शिम घालून ती किंचित उचलली, पुन्हा सगळं मोजलं, पुन्हा काढली, पुन्हा घातली. त्यात रॅक उचलली की स्टिअरिंगच्या दांड्याशी तिची रेषा बदलते आणि मधला युनिव्हर्सल जॉइंट फिरताना अडखळतो; तेही सांभाळायचं. संध्याकाळी वहीतली मधली पानं जवळजवळ सारखी दिसू लागली तेव्हा थांबले. पूर्ण शून्य कधीच होत नाही.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, एमजीबीत कमी-जास्त करायची सोय कारखान्याने ठेवलेलीच नाही. किंगपिनच्या वरच्या सांध्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, एका बाजूला भोक असलेले बुश घालून चाकाचं वरचं टोक आत ओढतात. हे कशासाठी, तर वळणावर गाडी बाहेर झुकते आणि बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलंडून टायरच्या बाहेरच्या कडेवर उभं राहतं. आधीच थोडं आत कललेलं असेल तर ऐन वळणात ते सरळ होतं. किती, ते टायरवर अवलंबून. डनलॉपचे जुन्या बांधणीचे क्रॉस-प्लाय शर्यती टायर असले तर कमी पुरतं, रेडियल असले तर जास्त लागतं. इथे एक अंशाच्या आसपास सुरुवात केली.

गाडी झुकणं कमी करायला पुढचा अँटी-रोल बार जाड केला. त्यातलं गणित ऐकून मी चकित झालो: बारची पिळाला विरोध करण्याची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. १४ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा घातला तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, पण ताकद सुमारे सहापट होते. म्हणूनच स्प्रिंग मेकॅनिकांनी मालकांना हव्या होत्या त्यापेक्षा मऊ ठेवल्या. सस्पेन्शनचं काम टायर जमिनीला टेकवून ठेवणं. सिल्व्हरस्टोन, कासल कूम हे ट्रॅक मूळचे युद्धकाळातले विमानतळ. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरही फिएट आणि ॲम्बेसिडर वर्षानुवर्षं पळल्या. अशा ठिकाणी सांधे असतात, उंचवटे असतात, आणि दगडासारखी कडक गाडी त्यांच्यावर उड्या मारत जाते. हवेत असलेला टायर गाडी ना वळवू शकतो, ना थांबवू शकतो.

मागे काम थोडं होतं. पाटे सोडवून वाकवून घेतले, बुश नवे टाकले, यू-बोल्ट नवे. जोरात निघताना पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळवटतात आणि ॲक्सल थाडथाड नाचतो, त्यासाठी बंधनाचे दांडे मिळतात. या गटाच्या नियमांत ते बसतात की नाही याची खात्री होईपर्यंत मालकांनी ते घेतले नाहीत.

अखेर दोरी आणि काटे. चार स्टँडवर गाडीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी ताणली, दोन्ही दोऱ्या मध्यरेषेपासून समान अंतरावर आणल्या, आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजलं. आजच्या लेसर यंत्राइतकंच हे अचूक आहे, फक्त वेळ लागतो. कारखान्याचं पुस्तक पुढची चाकं किंचित आत वळलेली ठेवायला सांगतं; इथे ती जवळजवळ समांतर ठेवली, म्हणजे गाडी वळणात लवकर शिरते. मग चारही चाकांखाली वजनकाटे आणि चालकाच्या सीटवर मालक स्वतः, हेल्मेट घालून. अँटी-रोल बारची एक कडी आधी सोडून ठेवली, नाहीतर बारचा पीळ वजनात मिसळतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकीकडे, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसरीकडे. दोन्ही सारख्या असल्या तर गाडी डावीकडे आणि उजवीकडे एकसारखी वळते. पहिल्या मोजणीत नव्हत्या. एका स्प्रिंगखाली पातळ पॅकर गेला, गाडी पुढे-मागे ढकलून बसवली, पुन्हा काटे. शेवटी बारची कडी जोडली ती लांबी नेमकी जुळवून, जराही ताण न देता.

सिल्व्हरस्टोनच्या सराव फेऱ्यांनंतर गाडी पिटमध्ये शिरताच मेकॅनिक टोकदार थर्मामीटर घेऊन धावले. टायर थंड व्हायच्या आत आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन ठिकाणी सुई खुपसायची. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड आतल्यापेक्षा बरीच तापलेली निघाली, म्हणजे कॅम्बर अजून कमी पडत होता. मालक हेल्मेट काढत सांगत होते की गाडी आता सरळ रेषेत हातात गप्प बसते, ब्रेकचं पेडलही वर राहतं, पण शेवटच्या फेऱ्यांत पुढचा भाग तरंगल्यासारखा वाटला. मेकॅनिकांनी हात लिव्हर शॉक ॲब्सॉर्बरच्या पेटीवर टेकवला आणि लगेच काढून घेतला. आतलं तेल तापून पातळ झालं होतं. पुढच्या सत्राला अजून वेळ होता. मालकांनी टूलबॉक्समधून जास्त घट्ट तेलाचा डबा काढला, मेकॅनिकांनी भरण्याचा नट सोडवला, आणि डावं चाक उचलून, शॉक ॲब्सॉर्बरचा हात सावकाश वर-खाली करत हवा बाहेर काढायला सुरुवात झाली.